जुलाबावरचं ओआरएस: पुण्यातल्या मेडिकलमध्ये नेमकं काय मागायचं

मुलाला जुलाब लागले की पुण्यात ओआरएस शोधत फिरावं लागत नाही. पेठांमध्ये तर गल्लीगल्लीत मेडिकल आहे, आणि धायरी-वाघोलीच्या टोकालाही ते मिळतं. अडचण पुढे आहे. काउंटरवर नुसतं ‘ओआरएस द्या’ म्हटलं, तर हातात चारपैकी काहीही पडू शकतं: एक लिटरची पुडी, २०० मिलीची छोटी पुडी, तयार टेट्रापॅक, किंवा खोक्यावर सफरचंद-संत्र्याचं चित्र असलेलं एक गोड पेय. पहिली तिन्ही औषधं आहेत. चौथं औषध नाही, आणि जुलाब होणाऱ्या लेकराला ते पाजलं तर जुलाब वाढू शकतात.

या चारही वस्तूंचं आणि सोबत घ्यायलाच हव्या अशा झिंकचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो: ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ (जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेलं प्रमाण) लिहिलेली, एक लिटरची साधी पुडी घ्या. बाकी दोन खरी ओआरएस आहेत, पण त्यांचे पैसे सोयीसाठी जातात.

पुडी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एका लिटरसाठी चार घटक हवेत: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि निर्जल ग्लुकोज (लेबलवर बहुधा ‘डेक्स्ट्रोज अनहायड्रस’ लिहिलेलं असतं) १३.५ ग्रॅम. बेरीज २०.५ ग्रॅम होते. बाजारात सगळ्यात जास्त खपणाऱ्या इलेक्ट्रालच्या पुडीवर २१.८ ग्रॅम दिसतं, कारण वरचा सव्वा ग्रॅम स्वाद वगैरेचा आहे. औषधाचं माप तेच. त्याखाली लिटरमागे मिलिमोलचा (विरघळलेल्या कणांची संख्या मोजायचं एकक) तक्ता असतो: सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५, एकूण २४५. घाईत एवढं वाचायला जमत नसेल तर फक्त २४५ हा आकडा शोधा.

सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५, या जोडीवर सगळं औषध उभं आहे. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन कण सोबत ओढतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलराचं विष असो की दुसरा जंतू, जुलाबात आतडं पाणी बाहेर फेकत असतं, तरी ही आत जाणारी वाट बहुतेक वेळा चालू राहते. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही आणि नुसतं ग्लुकोज पाजूनही नाही. मीठ कमी पडलं तर ग्लुकोजला जोडीदार मिळत नाही. साखर जास्त झाली तर उरलेली साखर आतड्यातच राहते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात खेचते.

हे प्रमाण एका दिवसात ठरलेलं नाही. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी कॉलराच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन ‘लॅन्सेट’मध्ये १९५३ मध्येच लिहिलं होतं, पण ते पाणी आत का मुरतं याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. ते १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं, की तोंडाने दिलेल्या या द्रावणामुळे शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. मग १९७१ साल उजाडलं. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातल्या संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या. पाणी पिंपात कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आई घरी बसून वाटी-चमच्याने जे करते, ते घरच्या माणसाला जमतं याचा पुरावा त्या छावणीतून मिळाला. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या मते बालरोगशास्त्रात या देशातून झालेलं याहून मोठं काम शोधावं लागेल.

आजचं २४५ चं प्रमाण २००२ पासूनचं. त्याआधीची पुडी ३११ ची होती: सोडियम ९०, ग्लुकोज १११. कॉलराला ती ठीक होती, पण साध्या जुलाबाच्या मुलांना थोडी जड पडायची. अनेक देशांतल्या रुग्णालयांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की हलक्या द्रावणाने सलाइन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी येते, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि शौचाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटतं. म्हणूनच २४५ हा आकडा शोधायचा.

आता एकेक वस्तू.

एक लिटरची पुडी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त ठिकाणी मिळणारी, आणि औषध म्हणून हिच्यात उणं काही नाही. पाण्याचं माप मात्र तुमच्यावर सोडलेलं आहे. बहुतेक घोळ तिथेच होतो, त्यावर पुढे सविस्तर. दुसरी अडचण तान्ह्या बाळांची: दिवसभरात बाळ ३००-४०० मिली पितं आणि उरलेलं ओतून द्यावं लागतं. ते ओतताना जीवावर येतं, म्हणून लोक पुडीतली अर्धी पावडर अर्ध्या लिटरमध्ये घालून बाकीची रबरबँड लावून ठेवतात. असं करू नये. चारही घटकांचे दाणे वेगवेगळ्या जाडीचे आणि वजनाचे असतात. पुडी हलून हलून जड दाणे खाली बसतात, आणि वरच्या अर्ध्यात मीठ किती आलं याचा भरवसा राहत नाही. शिवाय पावसाळ्यात उघडी पुडी रात्रभरात ओल धरते. सातशे मिली फेकलं गेलं तरी चालेल, पुडी अर्धी करू नका.

तान्ह्यासाठी छोटी पुडी जास्त बरी. ४ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते आणि २०० मिली पाण्यासाठी असते. लिटरमागे हिशेब केला तर महाग पडते, पण दर वेळी ताजं द्रावण मिळतं आणि वाया जात नाही. घेताना ‘२०० मिली’ हे शब्द स्वतः वाचून घ्या. छोट्या आणि मोठ्या पुडीचे रंग व छपाई बऱ्याचदा सारखीच असते, आणि मोठी पुडी चुकून पेलाभर पाण्यात गेली तर धोका आहे.

महापालिकेच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळणारी पुडी फुकट असते आणि फॉर्म्युला तोच असतो. तिला संत्र्याचा वास नसतो, चव खारट-गोडसर लागते, एवढाच फरक. ‘सरकारी आहे, लागू पडेल का’ या शंकेला आधार नाही. फक्त मुदत संपल्याची तारीख पाहा आणि पुडी हाताने दाबून पाहा. आतली पावडर सुटी असावी. पिवळट-तपकिरी झालेली किंवा चिकट झालेली पुडी टाकून द्या, मग ती सरकारी असो की विकतची.

तयार टेट्रापॅक प्रवासासाठी. एसटीत किंवा एक्सप्रेस-वेवर गाडी अडकलेली असताना उकळलेलं पाणी आणि लिटरचं माप कुठून आणणार? खरा टेट्रापॅक असेल तर त्यावरही डब्ल्यूएचओ फॉर्म्युला आणि २४५ लिहिलेलं असतं. मापाची चूक होत नाही हा त्याचा मोठा गुण. पण २०० मिलीला जे मोजता त्यात पुडीचं एक लिटर होतं, आणि जुलाबाचं मूल दिवसाला एक लिटर सहज पिऊ शकतं. घरी असाल तर पुडीच घ्या.

आता चौथ्याकडे. ही फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं घेऊन औषधांच्या दुकानात, खऱ्या ओआरएसच्या शेजारच्या फळीवर विकली गेली. लेबल वाचलं तर १०० मिलीमागे साखर बहुधा आठ ते बारा ग्रॅम दिसते. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलीला ग्लुकोज १.३५ ग्रॅम. सहा ते नऊ पट साखर आणि त्या मानाने सोडियम तुटपुंजं, म्हणजे वर सांगितलेलं पाणी उलटं खेचण्याचं गणित. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विरोधात अनेक वर्षं झगडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की कुठल्याही खाद्यपेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द, मागेपुढे काहीही जोडून, वापरता येणार नाही. याआधी २०२२ आणि २०२४ मध्ये दिलेली मुभाही मागे घेतली. नाव बदललं तरी आतला द्रव फळांच्या चवीचं पेयच राहतो, म्हणून पालकांनी एक खूण लक्षात ठेवावी. खऱ्या ओआरएसवर औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो. पेयावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक असतो. ते चिन्ह दिसलं की ती वस्तू जुलाबासाठी नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

हल्ली ऑनलाइन ‘शुगर-फ्री इलेक्ट्रोलाइट’ पुड्याही ढिगाने मिळतात. जिममध्ये घाम गाळणाऱ्यांनी त्या खुशाल प्याव्यात. जुलाबात त्यांचा उपयोग नाही, कारण ग्लुकोजच नसेल तर सोडियमला आत नेणार कोण? स्टीव्हिया किंवा सुक्रालोज ते काम करत नाही. ग्लुकोजची हिरव्या-केशरी डब्यातली पावडर याच्या नेमकी उलटी: ग्लुकोज भरपूर, मीठ जवळपास नाही. तीही नको.

आता कालवण्याचं. लिटर म्हणजे किती, हे घराघरात चुकतं. तांब्याचा आकार ठरलेला नसतो. मुलाची शाळेची स्टीलची बाटली बऱ्याचदा ७५० मिलीची असते. तिच्यात लिटरची पुडी टाकली तर द्रावण ३२७ चं होतं, म्हणजे २००२ मध्ये मागे टाकलेल्या जुन्या फॉर्म्युल्यापेक्षाही दाट. सगळ्यात घातक चूक म्हणजे एक लिटरची पुडी एका पेल्यात, २०० मिलीत विरघळवणं, ‘थोडंसंच पितो ना, मग दाट असू दे’ म्हणून. तेव्हा सोडियम ३७५ होतं आणि एकूण आकडा १२२५, जिथे आपल्या रक्ताचा आकडा २९० च्या आसपास असतो. असं द्रावण पिऊन मुलाच्या रक्तातलं सोडियम चढतं, मूल चिडचिडं होतं, झटके येऊ शकतात. याच्या उलट, चव खारट लागते म्हणून दोन लिटर पाण्यात एक पुडी घातली तर सोडियम ३७ वर येतं आणि जे भरून काढायचं तेच निघून जातं.

म्हणून माप एकच ठेवा: विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली. ती स्वच्छ धुऊन घ्या, उकळून गार केलेलं पाणी वरच्या रेषेपर्यंत भरा, मग ते पातेल्यात ओतून पूर्ण पुडी रिकामी करा आणि पावडर दिसेनाशी होईपर्यंत ढवळा. द्रावण तयार झाल्यावर पुन्हा उकळायचं नाही, पाणी आटून दाट होतं. दूध, सरबत, ग्लुकोज, वरून साखर किंवा लिंबू पिळणं, यातलं काहीही त्यात घालायचं नाही. झाकून ठेवा, चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून ताजं करा. भांड्यावर केल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली तर घरात तिघंजण आलटूनपालटून पाजत असतानाही घोळ होत नाही.

पाणी उकळण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा पाण्याचाच संशय आला होता. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, आणि झाकूनच गार करा.

पाजायचं किती? जुलाब आहेत पण मूल खेळतंय, लघवी होतेय, अशा वेळी दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. मधल्या वेळात मागेल तितकं. डोळे खोल गेलेत, मूल कासावीस होऊन पाणी मागतंय, पोटाच्या कातडीला घेतलेला चिमटा सोडल्यावर सावकाश बसतोय, असं असेल तर किलोमागे ७५ मिली, चार तासांत, आणि हे दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली. आठ किलोच्या बाळाला ते ६०० मिली होतात. पाच मिलीचे १२० चमचे, २४० मिनिटांत, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक चमचा. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण ‘पाजलं पण सगळं उलटलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वेग असतो. तहानलेलं मूल पेला धरून घटाघट पितं, पोट एकदम ताणतं आणि सगळं बाहेर येतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं पुन्हा सुरू करा. बाटली-निपलपेक्षा वाटी-चमचा चांगला, आणि ज्यांच्या घरी जुनं बोंडलं आहे त्यांनी ते उकळून घेऊन वापरावं.

चवीबद्दल पालकांची तक्रार नेहमीची आहे: ‘आमचा पीतच नाही.’ शरीराला खरोखर गरज असलेलं मूल हे पाणी बहुधा आनंदाने पितं, आणि नको म्हणणारं मूल बऱ्याचदा फारसं सुकलेलं नसतं. तरी मोठ्या मुलांसाठी द्रावण फ्रीजमध्ये गार करून द्यायला हरकत नाही. त्याच द्रावणाचे बर्फाचे खडे करून चोखायला दिले तरी चालतं. संत्र्याच्या स्वादाची पुडी साधीपेक्षा सोपी जाते, आणि औषध तेवढंच असतं.

अंगावरचं दूध थांबवायचं नाही. सहा महिन्यांवरच्या मुलांचं जेवणही थांबवायचं नाही. ‘पोटाला आराम द्या’ हा सल्ला अजून प्रत्येक घरात कुणीतरी देतंच, आणि त्याने मूल अशक्त होण्यापलीकडे काही होत नाही. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, केळं, ताक, मिठाची पेज, थोडं थोडं आणि वारंवार. शहाळ्याचं पाणी वरून द्यायला ठीक आहे. त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी चालत नाही.

मध्यरात्री पुडी नसेल तर घरचं साखर-मीठ पाणी: एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे पाच मिलीचा. घरातला पोह्यांचा चमचा त्याच्या दीडपट-दुप्पट भरतो, त्यामुळे औषधाच्या बाटलीसोबत आलेलं मापाचं टोपण वापरा. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं. सकाळी मेडिकल उघडेपर्यंतची सोय म्हणून ठीक, पुढे पुडीच.

झिंक हा या परीक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक फक्त ३०.५ टक्क्यांना. आणि झिंकचं मोठं काम झालं ते आपल्याच देशात. एम्स आणि जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दिल्लीत ६ ते ३५ महिन्यांच्या ९३७ मुलांवर चाचणी केली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली: झिंक घेणाऱ्यांमध्ये जुलाब लांबण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ओआरएससोबत झिंक द्या असं सांगितलं. आपल्याकडची रीत अशी: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, लेबलवर ‘एलिमेंटल झिंक’, म्हणजे क्षारातलं निव्वळ झिंक, किती आहे. झिंक सल्फेट ५५ मिलिग्रॅम म्हणजे एलिमेंटल झिंक २०. ५५ पाहून घाबरू नका आणि सल्फेट २० पाहून फसू नका. दुसरी, सिरपचा जोर. काही सिरप पाच मिलीला २० मिलिग्रॅमची असतात, काही १० ची. २० च्या सिरपचे रोज ५ मिली धरले तरी १४ दिवसांना ७० मिली लागतं, म्हणजे ६० मिलीची बाटली बाराव्या दिवशी संपते आणि लोक तिथेच थांबतात. आमची पसंती विरघळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या गोळीला. १४ गोळ्या मोजून घेता येतात, सरकारी केंद्रात त्या फुकट आहेत, आणि चमच्यात अंगावरचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घेऊन त्यात ठेवली की मिनिटभरात विरघळते.

चवीला मात्र झिंक वाईट आहे. तोंडात धातूसारखी चव राहते आणि काही मुलं अर्ध्या तासाच्या आत ओकतात. रिकाम्या पोटी देऊ नका, एवढ्यानेही बराच फरक पडतो. भारत आणि टांझानियात ४५०० मुलांवर झालेली एक मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५ आणि १० मिलिग्रॅमच्या मात्रा परिणामात २० ला तोडीस तोड ठरल्या आणि उलट्या कमी झाल्या. मूल २० मिलिग्रॅम दर वेळी बाहेर काढत असेल तर औषध बंद करण्याऐवजी डॉक्टरांना कमी मात्रेबद्दल विचारा. आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक थांबवू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी करण्यासाठीच ते १४ दिवस आहेत.

काउंटरवर याच खरेदीत जुलाब बंद करणारी गोळी आणि अँटिबायोटिकचं सिरप पुढे केलं जातं, ते घेऊ नका. लोपरामाइडसारखी आतड्याची हालचाल थांबवणारी औषधं लहान मुलांना द्यायची नसतात. लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा विषाणू कारण असतो आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

शौचात रक्त, दिलेलं सगळं उलटणं, सहा तासांत लघवी नाही, मूल सुस्त पडणं किंवा पिताच न येणं, तान्ह्याची टाळू खोल जाणं, चिमटा दोन सेकंदांत न बसणं: यातलं एकही दिसलं तर पुडी, चमचा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. दोन महिन्यांखालचं बाळ आणि खूप कमी वजनाचं मूल यांच्याबाबतीत घरी प्रयोग करूच नका.

शेवटचा मुद्दा डॉक्टरकडे काय बोलायचं याचा. बिहार आणि कर्नाटकातल्या दोन हजारांहून अधिक खाजगी डॉक्टर-वैद्यांकडे जुलाबाच्या मुलाचे पालक बनून माणसं पाठवली गेली. तो अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ओआरएस लिहून न देण्यामागे औषध दुकानात नसणं हे कारण फार थोडं होतं. सर्वांत मोठं, ४२ टक्के वाट्याचं कारण हे, की पालकांना ओआरएस नकोच असतं असा डॉक्टरांचा समज. पालकाने स्वतःहून ओआरएस हवं असं सुचवलं, तिथे ते लिहून देण्याचं प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढलं. तेव्हा दवाखान्यात ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणू नका. ‘ओआरएस आणि झिंक किती देऊ’ असं विचारा. मेडिकलमध्ये म्हणा: ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या एक लिटरच्या तीन पुड्या आणि झिंक २० च्या १४ गोळ्या.’

घरात तान्हं असेल तर त्याच्या लसीच्या कार्डावर रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरच्या लसीचे तीन डोस पाहून घ्या: सहा, दहा आणि चौदा आठवडे. महाराष्ट्रात २०१९ पासून ही लस सरकारी लसीकरणात फुकट आहे. यातल्या रोटाव्हॅक या लसीच्या मुख्य चाचणीत ६७९९ बाळं होती, आणि तिच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्याजवळ, केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं वढूचं केंद्र होतं. दुसरी लस, रोटासिल, तर पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची. लस घेतलेल्यांना जुलाब होतच नाहीत असं नाही. रोटाव्हॅकच्या त्या चाचणीत पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसलं. पहिला डोस राहून गेला असेल तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत सुरू करता येतो.